खालच्या आळीत वाजलेला एकच फोन

"आणखी एक आयफोन," मास्तर म्हणाला आणि त्याने एक खडा उजव्या खिशात टाकला.

उंटू खुशीत आला. "मी काय सांगत होतो? सगळं जग आयफोन वापरतं. तू उगाच वाद घालतोस."

"ही वसाहत म्हणजे काय जग आहे का? जगात दहातले साधारण सात फोन अँड्रॉइडवर चालतात. काही देशांत आयफोन पुढे आहे, ते वेगळं."

"झालं, शाळा भरली," भिंगरी म्हणाली आणि पुढच्या फाटकाकडे पळाली.

मास्तर तसा बाराच वर्षांचा होता. पण डोळ्यांवर जाड चष्मा आणि समोरच्याची चूक काढल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून हे नाव पडलेलं. भिंगरी त्याची धाकटी बहीण. ती एका जागी बसलेली घरात कोणी पाहिली नव्हती. उंटू त्यांचा चुलतभाऊ, तेरा वर्षांचा, नुसता उंचच उंच वाढलेला. तिघं सुट्टीत आत्याकडे राहायला आले होते. उंटूला आईचा जुना आयफोन मिळाला होता, त्यावरून सकाळी दूध पिताना वाद पेटला, आणि आत्या म्हणाली, "माझं डोकं खाऊ नका. बाहेर जा आणि मोजून या."

म्हणून ते मोजत होते. आयफोन दिसला की खडा उजव्या खिशात, अँड्रॉइड दिसला की डाव्या. आत्याचे यजमान, म्हणजे मुलांचे आतोबा, बर्फाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. त्यामुळे कारखान्याच्या वसाहतीतली सगळी घरं ओळखीची होती आणि दारं पटापट उघडत होती. पण मास्तरचा डावा खिसा जवळजवळ रिकामाच राहिला.

"इथे सगळ्यांकडे एकच फोन कसा?" भिंगरीने शेवटच्या घरातल्या बाईंना विचारलं.

"कारखान्याने दिलेत ना, साहेब लोकांना," त्या म्हणाल्या.

मास्तर उंटूकडे वळला. "ऐकलंस? हे लोकांनी निवडलेले फोनच नाहीत. खालच्या आळीत चल, मग बघू."

खालची आळी कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होती. पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये गटार, आणि भिंतीपलीकडून यंत्रांची न थांबणारी घरघर. इथले बहुतेक लोक रात्रपाळीचे. दिवसा खिडक्यांना पडदे लावून, कूलर चालू ठेवून ते झोपायचे. आळीच्या तोंडाशी शिलाईवाल्या काकू मशीन घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी फोन दाखवला आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू हं. माणसं झोपलीत."

मुलं हळूच फिरली. कोणी अर्धवट झोपेत फोन दाखवला, कोणी नुसतीच मान हलवली. अँड्रॉइड, अँड्रॉइड, पुन्हा अँड्रॉइड. मास्तरचा डावा खिसा इतका जड झाला की चड्डी एका हाताने धरून चालायची वेळ आली.

एका दाराला बाहेरून कडी होती. "इथे कोणी नाही," उंटू म्हणाला. तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक हात फोनसकट बाहेर आला. "आहे ना. मला पण मोजा." आतला माणूस हसत होता. त्याची बायको कामावर जाताना कडी लावून जायची, कारण तो झोपला की त्यांची तीन वर्षांची मुलगी दार ढकलून रस्त्यावर पळायची.

शेवटच्या खोलीतल्या कामगाराला सगळी आळी पैलवान म्हणायची. दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगाने सगळी चौकट भरून गेली. डोळे लाल.

"काय आहे?"

"फोन... फोन मोजतोय," मास्तर चाचरला.

"फोन मोजायला मला उठवलंत?" पैलवानाच्या आवाजाने पत्रा थरथरला. भिंगरी उंटूच्या मागे लपली. पैलवानाने काच तडकलेला फोन त्यांच्या नाकासमोर धरला, "मोजला? आता पळा," म्हणाला आणि दार आपटलं.

मुलं पळालीच असती. पण त्याच क्षणी उंटूच्या खिशात काहीतरी किंचाळायला लागलं.

तो त्याचाच फोन होता. कर्कश, चढत जाणारा, अंगावर काटा आणणारा आवाज. पडद्यावर लाल अक्षरं होती : 'ही चाचणी आहे. खरा धोका नाही.' उंटूने गडबडीने आवाज बंद केला. वर वसाहतीतून तसाच आवाज अनेक घरांतून एकदम येत होता.

"हा आतोबांचा अलार्म," उंटू म्हणाला. "बर्फ करायला अमोनिया वायू लागतो ना? तो गळला तर सगळ्यांचे फोन असे ओरडतात. आतोबांनी आल्या दिवशीच माझ्या फोनवर हे अ‍ॅप टाकलं. आधी मोठा भोंगा होता. वसाहतीतले लोक आवाजाला कंटाळले म्हणून काढून ठेवला."

मास्तर आळीकडे बघत होता. पडदे तसेच होते. कूलर घरघरत होते. एकाही खोलीतून फोनचा आवाज आला नव्हता.

"काकू," तो शिलाईमशीनजवळ जाऊन म्हणाला, "तुमच्या फोनवर ते कारखान्याचं अ‍ॅप आहे?"

"आहे की. सगळ्यांच्या फोनवर सक्तीने टाकलंय."

"मग आत्ता वाजला का नाही?"

काकूंनी फोन हातात घेतला. पडदा काळा होता. त्यांनी तो उघडला, अ‍ॅपच्या चित्रावर बोट ठेवलं, आणि तेव्हा कुठे फोन किंचाळला. काकूंच्या हातातून तो खालीच पडला.

"म्हणजे," मास्तर सावकाश म्हणाला, "आयफोनवर हे अ‍ॅप आपोआप वाजतं. अँड्रॉइडवर कोणीतरी उघडेपर्यंत गप्प बसतं. ज्याने बनवलं त्याने फक्त साहेबांच्याच फोनवर वाजवून बघितलं असणार."

"आणि झोपलेला माणूस अ‍ॅप कसा उघडेल?" भिंगरीने विचारलं.

आपण जिंकलो की हरलो हे विचारायचं उंटू विसरून गेला.

संध्याकाळी आतोबा घरी आले. मुलांनी त्यांना चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही. आतोबांनी ऐकून घेतलं, मग हसून आपला लॅपटॉप उघडला. पडद्यावर हिरवे ठिपकेच ठिपके होते.

"हे बघा. एकेक ठिपका म्हणजे एकेक फोन. हिरवा म्हणजे संदेश पोहोचला. खालच्या आळीतले सगळे हिरवे आहेत."

"पोहोचला, पण वाजला नाही," मास्तर म्हणाला. "आम्ही तिथेच उभे होतो."

"एखाद्याचा बंद असेल."

"सगळ्यांचे? आतोबा, तुम्ही एकदा चाचणीच्या वेळी खाली येऊन..."

"पुरे," आतोबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण हसू गेलं होतं. "अ‍ॅपवाला इंजिनियर पुढच्या महिन्यात येणार आहे, त्याला विचारीन. तोवर हे आळीत बोलायचं नाही. लोक घाबरतात, मग काम बंद पडतं. सुट्टीला आलात, खेळा."

रात्री भिंगरीला झोप येईना. "दादा, तो वायू आला तर काय होतं?"

मास्तरने आतोबांच्या कचेरीतलं भिंतीवरचं पत्रक वाचलं होतं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला आता वाटत होतं. "डोळे जळतात. श्वास घेता येत नाही. तोंडावर ओलं फडकं धरायचं आणि वारा जिकडून येतो त्याच्या आडव्या दिशेने पळायचं."

"आणि कोणी झोपलेलं असलं तर?"

अंधारात उंटू उठून बसला.

"आळीत वाजेल असा एकच फोन आहे," तो म्हणाला. "माझा. मग तो आळीतच असायला हवा."

दुसऱ्या दिवसापासून तिघं दुपारी शिलाईवाल्या काकूंच्या ओट्यावर दिसायला लागले. आत्याला वाटायचं, मुलांना काकूंच्या चिंध्यांच्या बाहुल्यांचं वेड लागलंय. ते तिथे बसायचे खरे, पण खेळात कोणाचं लक्ष नसायचं. भिंतीपलीकडची घरघर जरा बदलली की तिघांच्या माना वर व्हायच्या. एकदा वाफेची शिटी वाजली तर भिंगरी रडायलाच लागली. मास्तरने काकूंना सगळं सांगून टाकलं होतं. काकू आधी हसल्या, मग त्यांचा हात मशीनच्या चाकावर थांबला. त्या दिवसापासून त्यांनी ओट्याखाली पाण्याची भरलेली बादली ठेवायला सुरुवात केली. दिवसपाळीच्या दोघातिघांशीही त्या बोलल्या. पण "साहेबांनीच सांगितलंय सगळं ठीक आहे" म्हणून त्या कामगारांनी विषय झटकला.

आणि मग एका दुपारी फोन किंचाळला.

त्या दिवशी चाचणी नव्हती. उंटूने फोन बाहेर काढला. त्याने तो मास्तरसमोर धरला. मास्तरने वाचलं : 'अमोनिया गळती. ताबडतोब बाहेर पडा.'

आळी शांत होती. पडदे हलत नव्हते.

"वारा," मास्तर म्हणाला. त्याने काकूंच्या वाळत घातलेल्या कापडाकडे बघितलं. ते कारखान्याकडून आळीकडे फडफडत होतं. मग वासही आला. नाकात सुई खुपसल्यासारखा.

काकूंनी कापडाचे तुकडे बादलीत बुडवून मुलांच्या तोंडावर बांधले. त्यांचे हात भराभर चालत होते, पण ओठ पांढरे पडले होते. "तुम्ही वर पळा. मी उठवते."

"एकटीने सगळी दारं होणार नाहीत," उंटू म्हणाला आणि पहिल्या दारावर दोन्ही मुठींनी बडवायला लागला.

दारं उघडत नव्हती. कूलरच्या आवाजात बडवणं बुडून जात होतं. कोणी उठलंच तर डोळे चोळत विचारायचं, "फोन तर वाजला नाही?" एवढं समजावण्यातच वेळ जात होता. वास दाट होत चालला होता.

"असं नाही जमणार," मास्तर धापा टाकत म्हणाला. "मोठा आवाज पाहिजे. पैलवान!"

तो बादली घेऊन शेवटच्या खोलीकडे धावला. दार वाजवण्यात त्याने वेळ घालवला नाही. खिडकीचा पडदा ओढला आणि उरलेलं सगळं पाणी आत, खाटेवर ओतलं.

आतून डरकाळी आली. दार उघडलं. निथळणारा पैलवान मास्तरची मान धरणार, तोच त्याने श्वास घेतला आणि तो जागच्या जागी थांबला. इतकी वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागला नाही.

"उठा," पैलवान ओरडला. "उठा रे सगळे, गळती आहे. बाहेर पडा."

तो आवाज कूलरांच्या वरून, पत्र्यांवरून, सगळ्या आळीभर गेला. पडदे हलले. दारं उघडायला लागली. बायका मुलांना काखेत घेऊन बाहेर आल्या, कोणी अनवाणी, कोणी अर्धवट कपड्यांत. सगळा लोंढा सवयीने मोठ्या रस्त्याकडे वळला.

"तिकडे नको," उंटू हात पसरून वाटेत उभा राहिला. "तो रस्ता कारखान्याच्या फाटकावरून जातो. गटाराच्या बाजूने शाळेच्या मैदानाकडे चला."

"बाजूला हो पोरा," कोणीतरी त्याला ढकललं. उंटू पडला, पुन्हा उठला, पुन्हा हात पसरले. मग पैलवान त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि काही न बोलता त्याने गटाराच्या दिशेला बोट दाखवलं. लोक वळले.

आळीच्या वरच्या टोकाला, भिंतीच्या पायाशी, पांढरं धुकं दिसायला लागलं होतं. ते जमिनीला चिकटून हळूहळू पुढे सरकत होतं.

"सगळे आले?" पैलवानाने मागे बघत विचारलं. सगळी दारं उघडी पडली होती. फक्त एक बंद होतं, आणि त्याला बाहेरून कडी होती.

"ते रिकामं आहे," कोणीतरी म्हणालं. "चला."

भिंगरीला एकदम खिडकीतून आलेला तो हात आठवला.

"नाही," ती ओरडली. "तिथला फोन आम्ही मोजलाय. तिथे माणूस आहे."

ती पळत सुटलीसुद्धा. मास्तर तिच्यामागे धावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चष्म्यामागे सगळं विरघळल्यासारखं दिसत होतं. भिंगरी दारापाशी उड्या मारत होती; तिचा हात कडीला पुरत नव्हता. मास्तरने तिला कमरेला धरून उचललं. कडी गंजलेली होती. "जोर लाव," तो म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. धुकं दोन खोल्यांच्या अंतरावर आलं होतं. भिंगरीने डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी हिसका दिला.

कडी निघाली. आत कूलर फिरत होता. तो माणूस उताणा झोपला होता आणि त्याच्या दंडावर डोकं ठेवून ती छोटी. उशाशी फोन, काळा, गप्प. मास्तरने त्याला गदागदा हलवलं. "उठा, मुलीला घ्या. वायू सुटलाय."

तो उठला तोच खोकत. काही कळायच्या आत त्याने मुलीला छातीशी धरलं. भिंगरीने आपल्या तोंडावरचं ओलं कापड काढून छोटीच्या तोंडावर दाबलं, आणि चौघं बाहेर पडली. गटाराच्या कडेने पळताना भिंगरी मागे पडायला लागली. मागून कोणीतरी तिला पिशवीसारखं उचललं. पैलवान परत आला होता.

शाळेच्या मैदानात स्वच्छ हवा होती. लोक नळावर डोळे धुत होते. आत्या वसाहतीतून पळत आली आणि तिघांना एकदम मिठीत घेऊन नुसती उभी राहिली. आगीचा बंब आला, मग रुग्णवाहिका. दोघांना दवाखान्यात नेलं. दोघंही बोलत होते, चालत होते. बऱ्याच वेळाने आतोबा आले. डोळे सुजलेले, गळ्यात ओला रुमाल. त्यांनी स्वतः आत जाऊन माणसं बाहेर काढली होती आणि फुटलेल्या नळीची झडप बंद करून घेतली होती. सोबत कारखान्याचे मोठे साहेब होते.

"सगळे सुखरूप?" आतोबांनी विचारलं. "अलार्म लगेच पोहोचला, सगळे ठिपके हिरवे होते."

पैलवानाने खिशातून तडकलेला फोन काढला आणि सगळ्यांसमोर अ‍ॅपवर अंगठा ठेवला.

फोन किंचाळला. मग शेजारच्याने आपला काढला, तोही किंचाळला. मग आणखी एकाचा, मग काकूंचा. झोपेतून पळताना ज्यांनी ज्यांनी फोन उचलून आणला होता, त्या प्रत्येकाच्या हातात तो आता ओरडत होता. लहान मुलं घाबरून रडायला लागली. छोटीचा बाप मात्र रिकाम्या हातांनी उभा होता. त्याचा फोन अजून उशाशीच होता.

आतोबांचा चेहरा राखेसारखा झाला. आवाज थांबेपर्यंत ते एकेका माणसाकडे बघत राहिले. मग मोठ्या साहेबांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या तीन मुलांनी मला हे आधीच सांगितलं होतं. मी खाली येऊन बघितलं नाही. चूक अ‍ॅपची आहे, पण त्याहून माझी आहे."

मोठे साहेब मुलांजवळ आले. "तुम्ही हे शोधलंत कसं?"

"कोणता फोन जास्त लोक वापरतात, ते मोजत होतो," मास्तर म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "वरच्या वसाहतीत आयफोन जास्त, आळीत अँड्रॉइड जास्त. आळीतली माणसं किती तरी जास्त आहेत. पण अलार्म फक्त वरच्यांच्या फोनवर तपासला होता."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मोठमोठ्या पगाराच्या माणसांना हे सुचलं नाही. शाबास. तिघांनाही शाबास." त्यांनी तिथेच हुकूम सोडला : भोंगा आजच्या आज परत चढवायचा, आणि प्रत्येक फोन समोर वाजल्याशिवाय पुढची पाळी सुरू करायची नाही.

पैलवान मास्तरकडे बघून गुरगुरला, "आजवर माझ्या अंगावर पाणी ओतायची कोणाची छाती झाली नव्हती." मास्तर एक पाऊल मागे सरकला. पैलवानाने त्याला उचलून आपल्या खांद्यावर बसवलं, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच मैदानात कोणीतरी हसलं. छोटीचा बाप भिंगरीसमोर खाली बसला आणि तिचे दोन्ही हात नुसते धरून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांनी मुलांना लवकर उठवलं. आळीत लोक परतले होते. रात्रीतून अ‍ॅप दुरुस्त झालं होतं; आता प्रत्येकाचा फोन पडदा काळा असतानाही वाजतो की नाही, हे आतोबांना स्वतः दारोदार जाऊन बघायचं होतं. आळीच्या तोंडाशी आल्यावर भिंगरी थांबली. हवेत अजून पुसटसा तो वास होता.

"माझे पाय पुढे जात नाहीत," ती म्हणाली.

"माझेही," आतोबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी तिचं बोट धरलं आणि मास्तर-उंटूकडे बघितलं. "तुम्हाला दारं माहीत आहेत. तुम्ही पुढे व्हा, मी तुमच्या मागून येतो."

उंटूने पहिल्या दाराची कडी वाजवली, अगदी हळू. आतून कोणीतरी लगेच विचारलं, "कोण आहे?"

"आम्ही," मास्तर म्हणाला. "फोन बघायला आलोय."

दार उघडलं.